मुरलेलं पाणी

१२ मार्च

धाकटी,

फोनवर मी नुसता ‘हूं’ म्हणतो, ही तुझी तक्रार खरी आहे. हॉस्पिटलात तीस वर्षं वाफेच्या यंत्राशेजारी उभा राहिलो. तिथे बोललेलं कुणाला ऐकू येत नसे, म्हणून बोलायची सवयच लागली नाही. तू पत्र लिहायला सांगितलंस, म्हणून लिहितो आहे.

तुझ्या ताईला जाऊन आज पाच आठवडे झाले. मी वेळेवर जेवतो. झोप लागते, पण पहाटे लवकर जाग येते. तिच्या कपाटाला अजून हात लावलेला नाही. बाकी घर स्वच्छ आहे.

माशांची टाकीही मागच्या रविवारी साफ केली. तिच्या आजारपणात दोन-तीन महिने कुणी बघितलं नव्हतं. फिल्टरचा स्पंज तर पार चॉकलेटी झाला होता. सगळं काढून धुतलं आणि ताजं पाणी भरलं. दोन दिवस टाकी आरशासारखी होती. आता पाणी जरा पांढुरकं दिसतं, तांदूळ धुतल्यावर येतं तसं. तू पाणी तपासायच्या खात्यात आहेस, म्हणून विचारतो. या दिवसांत नळाच्या पाण्यात काही जास्तीचं घालतात का?

मासे बरे आहेत.

तुझा भावोजी

१७ मार्च

भावोजी,

पत्र आलं! मी शब्द मोजले. लग्नापासून आजवर तुम्ही माझ्याशी जेवढं बोललात, त्यापेक्षा या एका पानात जास्त आहे. पान जपून ठेवलंय.

पण नळाला दोष देऊ नका हं. नळाला दोष देणारे रोज चाळीस फोन मी घेते, त्यात घरचा एक नको. पांढुरकं पाणी नळातून आलं असतं तर पहिल्या दिवशीच दिसलं असतं. तुमचं तर दोन दिवसांनी झालं. म्हणजे जे झालं ते टाकीत झालं. तुम्ही साफ केलीत म्हणजे नक्की काय केलंत? पाणी किती काढलं? स्पंज कशाने धुतला? जसं केलंत तसं लिहा, हॉस्पिटलात लिहायचात तसं.

आणि मासे ‘बरे आहेत’ म्हणजे काय? बरे तर तुम्हीही आहात.

टाकीबद्दल ताईने शेवटी मला काही सांगितलं होतं. ते मागाहून लिहीन. आधी उत्तर द्या, लवकर.

तुमची एकुलती मेहुणी

२१ मार्च

धाकटी,

जसं केलं तसं लिहितो.

मासे बादलीत काढले. टाकीतलं पाणी पूर्ण काढलं. तळाचे खडे उकळत्या पाण्यातून तीन वेळा काढले. काच आतून बाहेरून पुसली. स्पंज कुकरमध्ये वाफेवर वीस मिनिटं ठेवला. जंतू मेले की रंग बदलणारी पट्टी माझ्याकडे जुनी शिल्लक होती, ती सोबत ठेवली. पट्टीचा रंग पूर्ण बदलला. काम चोख झालं होतं.

मला एवढं एकच काम येतं. ऑपरेशनची हत्यारं ड्रममध्ये भरायची, वाफेत घालायची, शिक्का मारून पाठवायची. तीस वर्षांत माझ्या ड्रममधून एकाही रोग्याला जंतू गेला नाही. मोठे सर्जन बदलीवर गेले तेव्हा जाताना माझ्या खोलीत आले होते. म्हणाले, तुमचा शिक्का दिसला की मी दुसऱ्यांदा बघत नाही. हे मी फक्त तुझ्या ताईला सांगितलं होतं.

मासे बरे नाहीत. निळ्या पट्टीचे आठ छोटे होते, त्यांतले तीन गेले. एंजलची जोडी वर येऊन तोंड उघडझाप करते. तळाला फिरणारा तो म्हातारा, ज्याला ती ‘मुकादम’ म्हणायची, तो पाइपामागे जाऊन बसला आहे, बाहेर येत नाही. हे आधीच्या पत्रात लिहायला हवं होतं. लिहवलं नाही.

ताईने काय सांगितलं होतं?

भावोजी

२४ मार्च

भावोजी,

हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे. हातातलं काम टाकून वाचा.

कुकर! अहो, तो चॉकलेटी थर म्हणजे घाण नव्हती. मासे पाण्यातच खातात, पाण्यातच घाण करतात. त्या घाणीचा अमोनिया होतो, ते त्यांना विष. स्पंजातले जंतू ते विष खाऊन टाकतात, म्हणून पाणी निर्मळ राहतं. ताईने अकरा वर्षं पाळले ते खरं तर जंतू. मासे म्हणजे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. तुम्ही घरमालकालाच वाफेवर शिजवलंत.

आता असं करा. रोज चौथाई पाणी काढा, जास्त नाही. नवं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून उघडं ठेवा, म्हणजे आमच्या खात्याने घातलेलं क्लोरीन उडून जाईल. दोन दिवस खाणं बंद, पुढे एक चिमूट. पंप क्षणभरही बंद नको. आणि कशालाही साबण, गरम पाणी, फडकं लावायचं नाही. हात शिवशिवले तर भांडी घासा.

नवे जंतू आपोआप वाढायला महिना दीड महिना लागेल, तेवढा वेळ तुमच्या माशांकडे नाही. तुमच्या कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जी टाकी आहे, ती ताईनेच लावून दिली होती. त्या न्हाव्याकडे जा आणि त्याचा स्पंज डब्यात पिळून आणा. ते गढूळ पाणी तुमच्या स्पंजावर ओता. मागायला मात्र तोंड उघडावं लागेल.

आता ताईचं. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात ती मला म्हणाली, “टाकी तू घेऊन जा. हा उकळून काढेल.” आम्ही दोघी हसलो होतो. तुमचं पत्र वाचून मला रडू आलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं हसूही आलं.

टाकी मला हवी आहे म्हणून नाही, पण ताईचा शब्द आहे म्हणून मी एप्रिलच्या अखेरीला गाडी घेऊन येते आणि टाकी घेऊन जाते. तुमच्याही डोक्याचा ताप जाईल. तुम्हाला कुठे तिची आवड होती?

धाकटी

२ एप्रिल

धाकटी,

तिने असं म्हटलं होतं हे मला माहीत नव्हतं. पत्र मिळालं त्या दिवशी तू लिहिलेलं सगळं केलं. पण उत्तर लिहायला बसलो नाही.

आवड नव्हती हे खरं. ती पंधरा-पंधरा मिनिटं टाकीसमोर बसायची आणि मी म्हणायचो, “मासे काही पळून जात नाहीत.” आता मी बसतो. बघत बसण्यासारखं आहे.

सलूनमध्ये गेलो. दोन गिऱ्हाइकं खुर्चीत होती, तीन बाकावर. न्हावी म्हणाला, “साहेब, आज कसे? तुमचा तर महिन्याचा पहिला सोमवार.”

मी म्हणालो, “केस नाही कापायचे. थोडी घाण पाहिजे.”

न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलला. “कसली घाण, साहेब?”

“तुमच्या फिल्टरमधली.”

बाकावरचा एक जण म्हणाला, “केस न्या की, ते तर फुकट पडलेत.” मग मला सगळं सांगावं लागलं. कुकरचंही सांगितलं. एवढ्या लोकांसमोर मी आजवर इतका वेळ बोललेलो नाही. हसले सगळे, पण न्हावी हसला नाही. त्याने हात धुतले आणि स्पंज काढला. म्हणाला, “मागता कसले? ही काकूंचीच आहे. चार वर्षांमागे माझे मासे पटापट मरत होते, तेव्हा त्या असाच डबा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, हे विरजण आहे, लावा आणि आठ दिवस बघू नका. जंतूंचं काम जंतूंना करू द्या.”

त्याने दोन वेळा पिळून दिलं. काळं, गढूळ पाणी. डबा झाकायचा नाही, त्यांना हवा लागते, असंही त्यानेच सांगितलं. जन्मभर माझ्या हातात जे आलं ते झाकलेलं आणि शिक्का मारलेलं होतं. तो उघडा डबा दोन्ही हातांत धरून मी रस्त्याने चालत आलो. वाटेत आमच्या थिएटरची जुनी सिस्टर भेटली. “काका, डब्यात काय?” म्हणाली. मी म्हणालो, “जंतू.” ती म्हणाली, “तुम्ही? आणि जंतू?” आणि भर रस्त्यात हसत सुटली. मलाही हसू आवरलं नाही. डबा हिंदकळला, पण सांडला नाही.

तुला एक विनंती आहे. एप्रिलअखेर येऊ नकोस. मेअखेर ये. तिने टाकी तुला दिली, हे मला मान्य आहे, त्यावर वाद नाही. पण ज्या कारणासाठी दिली, ते कारण तोवर राहतं का हे तू येऊन तपास. पाणी नीट नसेल तर घेऊन जा, मी स्वतः उचलायला हात लावीन. नीट असेल तर काय करायचं ते तू ठरव.

टाकी राहावी अशी माझी इच्छा आहे. हे फोनवर सांगता आलं नसतं.

भावोजी

९ एप्रिल

भावोजी,

भांडायला शिकलात की! बरं, मेअखेर.

पण माझीही बाजू ऐका. मला ताईच्या साड्या नकोत, दागिने नकोत. आम्ही दोघी दर रविवारी तासभर त्या टाकीच्या पाण्यावर बोलायचो. पाण्यावरून सुरू व्हायचं आणि मग कुठेही जायचं, माझ्या साहेबापासून तुमच्या घोरण्यापर्यंत. आता रविवारी फोन वाजत नाही. म्हणून ती टाकी मला हवी आहे. फक्त तिचा शब्द पाळायला नव्हे. तसं मी मागे लिहिलं ते अर्धंच खरं होतं.

तेव्हा सहज सोडणार नाही. सोबत तपासणीचे थेंब पाठवते आहे, एक बाटली अमोनियाची, एक नायट्राइटची. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं दिसलं तर अमोनिया नाही, हिरवं दिसलं तर आहे. तो संपला की नायट्राइट वर येईल, तेही विषच. ते जांभळं दिसेल. घाबरू नका आणि धुऊ नका. दोन्ही गेले म्हणजे टाकी मुरली.

मेअखेरची तपासणी मी करणार. नात्यागोत्याचा एक मार्कही मिळणार नाही.

मुकादम बाहेर आला का?

धाकटी

१२ मे

धाकटी,

रजिस्टर सुरू केलं आहे. रोज सकाळी साडेसहाला तपासतो. तारीख, रंग, किती पाणी बदललं, कोण जेवलं.

एप्रिलच्या तेरा तारखेला अमोनिया गडद हिरवा होता. सोळाला पोपटी. एकोणीसला पिवळा. मी त्या दिवशी तपासणीच्या नळीमागे कागद धरून तीन वेळा पाहिलं. मग तू म्हणालीस तसं नायट्राइट जांभळं झालं आणि जांभळंच राहिलं. एका सकाळी आणखी एक छोटा तळाशी मिळाला. रजिस्टरमध्ये लिहिलं. त्या दिवशी मी स्पंज बाहेर काढून मोरीत नेला होता, नळाखाली धरलाही होता. नळ सोडला नाही. परत ठेवून आलो आणि सगळी भांडी घासली. स्वच्छ होती, तरी घासली.

पुढे मेच्या तीन तारखेला सकाळी सात वाजता आमच्या भागातली वीज गेली. पंप बंद. जंतूंना हवा मिळाली नाही तर काही तासांत मरतात, हे मी आता कुणी न सांगता जाणतो. मी पेल्याने टाकीतलं पाणी उचलायचं आणि उंचावरून स्पंजावर सोडायचं, असं सुरू केलं. एक पेला गेला की दुसरा. साडेनऊला दार वाजलं. न्हावी होता. म्हणाला, “माझ्याकडे बॅटरीचा पंप आहे, माझे ठीक आहेत. तुम्ही काय करताय ते बघायला आलो.” माझा हात बघून म्हणाला, “उठा. कात्री चालवणाऱ्याचा हात आहे, तुमच्यापेक्षा टिकेल.”

“दुकान?” मी विचारलं.

“एक गिऱ्हाईक अर्ध्या केसांनी बसलंय. ते कुठे जाणार?”

आळीपाळीने केलं. वीज एक वाजता आली. एकही मासा गेला नाही. अर्ध्या केसांचं ते गिऱ्हाईक शेवटी शोधत घरी आलं, त्यानेही वीस पेले टाकले.

काल नायट्राइट निळं आलं, आजही निळं. म्हणजे नाही. पाणी इतकं निवळ आहे की टाकीच्या पाठीमागच्या भिंतीवरचा रंगाचा पोपडा दिसतो. छोटे चार आहेत, एंजलची जोडी आहे. मुकादम आठ दिवसांपासून बाहेर आहे आणि सगळ्यांच्या अंगावर जातो.

तू कधी येतेस ते कळव. मी तयार आहे.

भावोजी

३ जून

भावोजी,

घरी पोहोचले. तुम्ही गाडीशी उभे होतात तेव्हा काही बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि आमचे हे गाडी चालवताना रडारड चालू देत नाहीत. म्हणून आता लिहिते.

मी खोट काढायला आले होते. चार झाकणाच्या बादल्या, जाळी, पाइप, सगळं आणलं होतं, तुम्ही पाहिलंत. शनिवारी संध्याकाळी तपासलं. पिवळं, निळं. माझे थेंब जुने असतील म्हणून ऑफिसातल्या नव्या बाटलीने पुन्हा तपासलं. तेच. मग तुमचं रजिस्टर चाळलं. मेलेल्या माशांच्याही नोंदी आहेत, वेळेसकट. नळाखाली धरलेला स्पंजही लिहून ठेवलाय! आमच्या खात्यात कुणी एवढं खरं लिहीत नाही.

तरीही मी नेणार होते. तिने मला दिली होती.

रविवारी सकाळी मला जाग आली तेव्हा तुम्ही टाकीसमोर खुर्ची घेऊन बसला होतात. हात पाठीमागे धरले होते. मी दारात बराच वेळ उभी होते, तुम्हाला कळलं नाही. तुम्ही काही करत नव्हता. काहीही न करता बसला होतात, आणि मुकादमाला म्हणत होतात, “आज घरात धाकटी आहे, नीट वाग.”

मी बाहेर जाऊन बादल्या पुन्हा गाडीत ठेवल्या.

टाकी तिथेच राहू दे. दीडशे लिटर पाणी आणि त्यातला संसार गाडीत घालून सहा तास हलवायचा, म्हणजे मीही कुकरच लावला असता. आणि एक लिहायचं आहे. ताई सहसा चुकत नसे. पण तुमच्याबद्दल ती चुकली.

तुमच्या रजिस्टरचा मला अभिमान वाटला. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, माझे भावोजी आहेत म्हणून.

धाकटी

१९ जून

धाकटी,

ती चुकली नव्हती. उकळलं होतं मी. पुढचं तिने पाहिलं नाही, एवढंच.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. दहा तारखेला एंजलच्या जोडीने फिल्टरच्या पाइपावर अंडी घातली. दाण्यादाण्यांची सरळ ओळ. दोघं आळीपाळीने पंखाने वारा घालत होते आणि मुकादमाला जवळ येऊ देत नव्हते. ही जात पाणी मनासारखं असल्याशिवाय अंडी घालत नाही, असं न्हावी म्हणतो. तो हातात फणी घेऊन आला होता. पाठोपाठ त्याची दोन गिऱ्हाइकं, एकाच्या तोंडाला फेस. जुन्या सिस्टरला मी स्वतः फोन केला. मी स्वतः. ती नव्या पोरींना घेऊन आली आणि त्यांना म्हणाली, “या काकांच्या शिक्क्यावर आमचं थिएटर चालत होतं. आता बघा काय चाललंय.” मला फार बरं वाटलं, ते तुला कळवतो.

पहिल्या खेपेला आईबापच अंडी खाऊन टाकतात, असं ऐकलं होतं, म्हणून तुला लगेच लिहिलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती फुटली. आज पिल्लं सुटी पोहत आहेत. साधारण साठ असतील. मोजता येत नाहीत, हलतात. मी टाकीत हात घातलेला नाही.

पिल्लं न्यायच्या जोगी व्हायला दोन महिने लागतील. तेवढ्या वेळात तू एक टाकी घे. मोठी घे, लहान टाकीचं पाणी लवकर बिघडतं. विरजण मी डब्यात घालून स्वतः घेऊन येईन, झाकण न लावता. मांडीवर ठेवून आणीन. शेजारी कोण बसेल ते बसो.

तू पाण्यातली मोठी माहितगार आहेस, पण तुझं शिक्षण क्लोरीन घालणाऱ्यांचं आणि माझं वाफ सोडणाऱ्यांचं. तेव्हा राग मानू नकोस, रीतसर सांगतो. दर रविवारी सकाळी तपासायचं आणि मला फोन करायचा. मी ‘हूं’ म्हणणार नाही. पाणी पांढुरकं झालं तर होऊ दे. स्पंज काळा झाला तर होऊ दे. तुला काहीतरी करावंसं वाटेल, फार वाटेल. खुर्ची घेऊन समोर बस.

पहिले चाळीस दिवस एवढंच काम आहे. अवघड आहे, पण जमतं.

भावोजी